पंखा बंद करून ऐकणारे डॉक्टर

डॉक्टरांच्या तपासणीच्या खोलीत छताला पंखा होता, आणि तो चांगला चालायचा. पण मूल टेबलावर बसलं की डॉक्टर आधी त्याचं बटण बंद करायचे आणि मगच स्टेथोस्कोप कानाला लावायचे. जबलपूरचा मे महिना असो, बाहेर लू वाहत असो, मूल आणि आई दोघंही घामानं निथळत असोत, पंखा बंद म्हणजे बंद.

"छातीतले आवाज बारीक असतात," ते म्हणायचे. "पंख्यात ते मरून जातात."

नुसत्या पंख्यावर भागत नसे. दवाखाना शहरातल्याच गोरखपूर भागातल्या बाजारात होता आणि भिंतीला भिंत लागून सायकल दुरुस्तीचं दुकान. डॉक्टर भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करायचे, की पलीकडची हातोडी थांबायची. तपासणी संपली की पुन्हा टकटक, आणि हातोडी पुन्हा सुरू. बाहेर बाकावर बसलेल्यांनाही शिस्त होती. रडणारं मूल असेल तर त्याला घेऊन रस्त्यापलीकडे रसाच्या गाडीपाशी जाऊन उभं राहायचं. नंबर आला की कंपाउंडर हात हलवून बोलवायचा. हाक मारायची सोय नव्हती.

ऐकण्याचं इतकं वेड असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि मुलाच्या आईनं सांगितलेलं एक वाक्य शेवटपर्यंत ऐकून घेईल तर शपथ.

आमच्या ओळखीच्या बहुतेक मराठी घरांतली मुलं त्यांच्याच हाताखालून गेली होती. कारखान्यातली, रेल्वेतली, सरकारी कचेऱ्यांतली माणसं, सगळी वर्धा, अमरावती, यवतमाळकडून दोन-तीन पिढ्यांपूर्वी आलेली. माझा नवरा लहानपणी त्यांच्याच टेबलावर बसून घामाघूम झाला होता. त्यामुळे लग्न होऊन मी जबलपूरला आले तेव्हा घराबरोबर डॉक्टरही सासरकडून मिळाले. माझ्या सासऱ्यांशी त्यांची जुनी ओळख, म्हणून मला ते पहिल्या दिवसापासून 'सूनबाई' म्हणायचे. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. मी त्या वेळी एका कारखान्याच्या भांडारात कारकून होते. कोणता नट कोणत्या खणात आहे हे न बघता सांगू शकणारी बाई, घरीही तशीच. दवाखान्यात जाताना विचारायचे प्रश्न मी चिठ्ठीवर लिहून न्यायची. डॉक्टर चिठ्ठी घ्यायचे, न वाचता उलटी करायचे आणि तिच्या पाठीवर औषध लिहून मलाच परत द्यायचे.

"यादी किराण्याची करावी, सूनबाई. पोराची नाही."

अशी त्यांची वाक्यं ठरलेली असत. दात उशिरा येत असले, चालायला वेळ लागत असला, तर म्हणायचे, "मूल म्हणजे काय इटारसी पॅसेंजर आहे, की तू टाइम टेबल पाहून राहिली?" बाहेर बसलेल्या बाया हसायच्या. मीही हसायची. आणि खरं सांगायचं तर दहातल्या नऊ वेळा त्यांचं बरोबर निघायचं. ते टॉनिक लिहायचे नाहीत, इंजेक्शन मागणाऱ्या बापांना हाकलून द्यायचे, न्यूमोनिया नुसत्या कानांनी पकडायचे. म्हणून तर लोक घाम गाळत बसायचे. माणूस नेहमी चुकत असता तर सोडून देता आला असता.

माझी मुलगी मिनू दीड वर्षाची झाली आणि तिला एकही शब्द येत नव्हता. शेजारची तिच्याच वयाची मुलगी दिवसभर 'पानी दो, चप्पल दो' करत अंगणात फिरायची. मिनू हसरी होती, चपळ होती, नजर तर अशी की कपाटाची किल्ली मी कुठे ठेवते हे तिला माझ्याआधी कळायचं. पण पाठीमागून हाक मारली की वळायची नाही. समोर गेलं की हाक मारायच्या आधीच हसायला लागायची.

मी तिला घेऊन दवाखान्यात गेले. पंखा बंद झाला. भिंतीवर टकटक झाली.

"डॉक्टरसाहेब, हिला हाक मारली की..."

"थांब." स्टेथोस्कोप तिच्या छातीवर होता. छातीची तक्रार नव्हती, पण तपासणी छातीपासूनच सुरू व्हायची. ती संपल्यावर मी पुन्हा तोंड उघडलं.

"हाक मारली की ही बघत नाही. मला वाटतं, ऐकू..."

"बघू."

ते टेबलाच्या मागच्या बाजूला गेले, औषधांचा स्टीलचा ट्रे उचलला आणि मिनू बसली होती त्याच लाकडी टेबलावर आपटला. मिनू दचकून वळली. कोणीही वळलं असतं. टेबल हादरलं होतं, माझा हात त्यावर होता, तोही हादरला.

"ऐकते की. तिखट कान आहेत." ते समाधानानं खुर्चीत बसले. "कारखान्याचा भोंगा ऐकते?"

"भोंगा झाला की दाराकडे बघते. पण..."

"मग झालं तर. घरात काय बोलता?"

"मराठी."

"अन् शेजारीपाजारी?"

"हिंदी."

"तेच मी म्हणून राहिलो. पोरगी गोंधळली आहे. एका एवढ्याशा डोक्यात दोन भाषा कोंबल्या तर ती एकही काहून बोलणार? एक काढून टाका."

"कोणती?"

"आता शाळा हिंदीत, बाजार हिंदीत. मराठीचं ती इथं काय लोणचं घालणार? घरात सगळ्यांनी हिंदी बोला. सहा महिन्यांत पोपटासारखी बोलेल."

हे कोण सांगत होतं, तर मराठी मंडळाच्या गणपतीत कोणी हिंदीतून निवेदन करायला लागला की त्याच्या हातून माइक ओढून घेणारे गृहस्थ. पण त्यांनी सांगितलं होतं. आणि हे आमच्याच घराला सांगितलं असं नाही. उशिरा बोलणाऱ्या मुलाला हा उपाय आमच्या लोकांत सर्रास चालायचा. जबलपूरच्या कितीतरी मराठी घरांतून मराठी अशी डॉक्टरच्या सल्ल्यानं गेली आहे, पथ्य म्हणून, जसं तूप किंवा मिरची बंद करतात तशी.

काम अंगावर घेतलं की मी ते नीट करते. त्याच संध्याकाळी घरात हिंदी लागू झाली. भाताचा चावल झाला, पोळीची रोटी झाली, आईची मम्मी झाली. नवऱ्याला काही अडचण नव्हती. तो या गावातच वाढलेला, भांडताना तो आपोआप हिंदीत जायचा. अडचण झाली मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना. चाळीस वर्षं रेल्वेत नोकरी केलेला माणूस, हिंदी त्यांना उत्तम यायची. पण ती बाहेरची भाषा होती, बूट घालून बोलायची.

"बेटा, इकडे... इधर आओ," ते म्हणायचे आणि ओशाळून माझ्याकडे बघायचे.

एकदा म्हणाले, "सूनबाई, नातीशी मी दूधवाल्याशी बोलतो तसं बोलू का?"

"डॉक्टरांनी सांगितलंय, मामाजी."

"त्याला काय जातं सांगायला."

पुढे पुढे ते मिनूशी बोलेनासेच झाले. तिला मांडीवर घेऊन वर्तमानपत्र वाचत बसायचे, मनातल्या मनात. घरात एक मूल बोलत नव्हतं, आता एक म्हातारा माणूसही बोलत नव्हता.

सहा महिने गेले. वर्ष गेलं, दीड वर्ष गेलं. मिनू हिंदीतही बोलेना. मी दोनदा दवाखान्यात जाऊन आले. पहिल्यांदा, "धीर धर. मुलाला घाई नसते, आईला असते." दुसऱ्यांदा त्यांनी मलाच झापलं, "तुम्ही घरात चोरून मराठी बोलून राहिले असाल." मामाजींवर संशय. मी दवाखान्यातून बाहेर पडले तेव्हा भिंतीपलीकडची हातोडी सुरू झाली, आणि ती मला माझ्या डोक्यातच बसते आहे असं वाटलं.

मग मी घरीच पाहायचं ठरवलं. मिनूला अंगणात फरशीवर न बसवता चटईवर बसवलं, तिच्या मागे, सावली पडणार नाही अशी उभी राहिले आणि हाक मारली. काही नाही. जरा मोठ्यानं मारली. काही नाही. वाटीवर चमचा वाजवला. काही नाही. रस्त्यावरून ट्रक गेला, तेव्हा तिनं मान वर केली. दोन-तीन दिवस वेगवेगळ्या वेळी असंच केलं, आणि दर वेळी तसंच झालं. मग नवऱ्याला रजा टाकायला सांगितली आणि आम्ही सिविल लाइंसला कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तरुण होत्या, नुकताच दवाखाना उघडलेला. त्यांच्याकडे पंखा चालू होता. मी बोलत होते तोवर त्यांनी मध्ये एक शब्द काढला नाही. मला इतक्या शांततेची सवय नव्हती; मी एकच गोष्ट दोनदा सांगितली.

मिनूला झोपवून डोक्याला तारा लावून तपासणी झाली. दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं. भोंगा, ट्रक, दार आपटणं असे जाड आवाज तिच्यापर्यंत पोचत होते. माणसाच्या बोलण्यातले बारीक आवाज पोचतच नव्हते. आम्ही घरात हिंदी बोललो असतो, मराठी बोललो असतो की तेलुगू, तिला सगळं सारखंच होतं.

"मशीन लगेगी, दोनों कानों में," बाई म्हणाल्या. "थोड़ा पहले आ जाते तो अच्छा था. अब देर मत कीजिए."

"और भाषा? हम घर में हिंदी बोल रहे हैं, डॉक्टर साहब ने कहा था."

"भाषा का इसमें क्या दोष? जो आपकी है वही बोलिए. सामने बैठकर, पास से, उजाले में."

रिक्षात मी रडले नाही. मी कधी काय करायचं ते मनाशी जुळवत होते: मशीन, पुन्हा तपासणी, बोलायला शिकवणारी बाई, माझी बदली दुपारच्या पाळीतून सकाळच्या पाळीत. आणि सगळ्यात आधी गोरखपूरचा दवाखाना.

डॉक्टर एका बाळाला तपासत होते, पंखा बंद होता. मी नंबर लावला नाही. आत गेले आणि तपासणीचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उलटा केला नाही. वाचला. त्या बाळाच्या आईला हातानं थांबायची खूण केली आणि पुन्हा वाचला.

मग मान वर करून मला म्हणाले, "अन् तू आधी काहून नाही सांगितलं?"

मला आजही तो क्षण आठवला की हाताशी असेल ती वस्तू आपटावीशी वाटते.

"सांगितलं होतं," मी म्हणाले. "तुम्ही थांब म्हणाला होता."

खोलीत अगदी शांत होतं. हातोडी थांबलेली, पंखा थांबलेला. त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. क्षमा वगैरे शब्द त्यांच्या औषधांत नव्हताच. मीही वाट पाहिली नाही. निघताना पाठीमागून आवाज आला, "मशीन कोणत्या कानात? एका का दोन्ही?" मी न वळता "दोन्ही" म्हणाले. माझ्या दृष्टीनं त्या माणसाचा आणि आमचा संबंध संपला होता.

पुढे मिनूला मशीन बसली, आणि त्याच रविवारी सकाळी त्यांची स्कूटर आमच्या क्वार्टरसमोर उभी.

मी दार उघडलं. हातात फुटाण्यांची पुडी, अंगात तोच दवाखान्यातला बुशशर्ट. "सूनबाई, पोरगी उठली का?" एवढं म्हणून मला वळसा घालून आत. खोलीत उभं राहून त्यांनी खिडकी पाहिली, मामाजींची खुर्ची उचलली, खिडकीकडे तोंड करून ठेवली आणि बसले. मिनूला समोर स्टुलावर बसवलं, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ. मशीन बसून दोन-तीन दिवसच झाले होते. ती सारखी कानाकडे हात नेत होती. डॉक्टरांनी वर पाहिलं.

"पंखा बंद करा. मशीनमध्ये पंख्याची घरघर बोलण्याहून मोठी येते."

हे त्यांना कुठून कळलं? नंतर समजलं की आठवडाभर दुपारी दवाखाना मिटून ते सिविल लाइंसला त्या तरुण डॉक्टरीणबाईंकडे जात होते आणि पेशंटच्या बाकावर बसून राहत होते. त्या बिचाऱ्या मला म्हणाल्या, "दीदी, आपके डॉक्टर साहब मेरे हर पेशंट की जाँच देखते हैं. मना करो तो कहते हैं, मैं तो बैठा हूँ." त्याही वैतागल्या होत्या. मला बरं वाटलं.

आणि डॉक्टर मिनूशी मराठीत बोलायला लागले. फुटाणा दाखवायचा, "हा फुटाणा." खायचा. "मी खाल्ला. तू खाते?" एकेक शब्द तोंड पूर्ण उघडून, रागावल्यासारखा चेहरा करून. तासभर. मग उठले आणि गेले. पुढच्या रविवारी पुन्हा. त्याच्या पुढच्याही. आम्हाला कुठे जायचं असो, पाहुणे असोत, मिनूला ताप असो. मी एकदा स्पष्ट सांगितलं, "डॉक्टरसाहेब, रविवार आम्हाला एकच मिळतो."

"मलाही," ते म्हणाले आणि खुर्ची खिडकीकडे वळवली.

मामाजी आधी रुसून आतल्या खोलीत बसायचे. मग दारात येऊन बसायला लागले. मग एका रविवारी डॉक्टर म्हणाले, "हा कावळा," आणि मामाजी दारातून म्हणाले, "तो कावळा नाही, साळुंकी आहे. तू पोरीला चुकीचं सांगून राहिला." दोघांत जुंपली, साळुंकीवरून. मिनू एकदा याच्या तोंडाकडे, एकदा त्याच्या तोंडाकडे बघत होती, जशी लोकं टेनिस बघतात. मामाजी दीड-दोन वर्षांनी नातीच्या देखत मराठीत भांडत होते. मी चहा टाकायला उठले.

दवाखान्यात तर त्यांनी उच्छाद मांडला. आधी कोणाचेच कान दिसत नव्हते, आता जो येईल त्याचा कान. खोकला घेऊन आलेल्या मुलाला सिविल लाइंसची चिठ्ठी, खरूज झालेल्याला सिविल लाइंसची चिठ्ठी. बाया मला रस्त्यात अडवायच्या, "तुमच्या डॉक्टरांना काय झालं? आम्ही जुलाब दाखवायला गेलो होतो." 'तुमच्या' डॉक्टरांना. आता ते माझे झाले होते. ट्रे मात्र ते पुन्हा आपटताना दिसले नाहीत. मुलाला आईच्या मांडीवर बसवायचे, बाजूनं, नजरेआड उभं राहून कागद हळूच चुरगाळायचे.

एके दिवशी जीप घेऊन दारात. शहराबाहेर कुंडम गावात मुलांची तपासणी आहे, तू आणि मिनू चला. विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. तिथे शाळेच्या व्हरांड्यात त्यांनी मिनूला सगळ्यांसमोर उभं केलं, तिचे केस मागे सारले आणि मशीन दाखवली. "देखो, इससे सुनती है." मिनू माझ्या साडीत तोंड लपवायला लागली. मी त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "माझी मुलगी नमुना नाही, डॉक्टरसाहेब." त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्याच मुलाकडे गेले.

तिथे एक बाई आपल्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन बसली होती. बोलत नव्हता. डॉक्टरांनी कागद चुरगाळला, मुलानं पाहिलं नाही. डॉक्टर म्हणाले, कान तपासायला शहरात आणा. बाई चिडली.

"ढोल पे नाचता है ये, साहब. बहरा होता तो नाचता?"

डॉक्टर तिच्यासमोर उकिडवे बसले. गुडघे दुखायचे त्यांचे. हात टेकून बसले.

"ढोल पाँव से भी सुनाई देता है, बाई. मैं भी यही कहता था, जो तुम कह रही हो. इस बच्ची की माँ मुझे बताती रही और मैंने सुना नहीं. मेरी वजह से देर हुई. तुम मत करो."

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, ना तेव्हा, ना परतीच्या वाटेवर. जीपमध्ये पूर्ण वेळ ड्रायव्हरला गिअर कसा टाकावा हे सांगत होते. मला जे त्या दिवशी दवाखान्यात मराठीत ऐकायचं होतं ते कुंडमच्या एका अनोळखी बाईला हिंदीत मिळालं. मी ते तिच्याकडून उसनं घेतलं आणि ठेवून दिलं. ती बाई मुलाला घेऊन शहरात आली. डॉक्टर स्वतः तिला सिविल लाइंसला घेऊन गेले.

मिनू बोलायला लागली. आधी हिंदीत, 'पानी', 'नहीं', 'मेरा'. मराठीचा पहिला शब्द यायला बराच वेळ लागला. तो 'आई' नव्हता. दर रविवारी दारात, उजेडात, तोंड पूर्ण उघडून एक माणूस जो शब्द आधी म्हणायचा तोच तिनं उचलला. एका सकाळी स्वयंपाकघरात माझ्यासमोर येऊन, कपाळाला आठ्या घालून ती म्हणाली, "सूनबाई."

मामाजी इतके हसले की त्यांना खोकला आला. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "बरोबर आहे. उच्चार कसा होता?"

तो शब्द गेला नाही. खूप समजावलं, शाळेत जायला लागली, मोठी झाली, मी तिची सूनबाईच राहिले. आणि तिची मराठी त्यांचीच राहिली. चार वाक्यांत तीन वेळा 'काहून', प्रत्येक वाक्य जरा दटावल्यासारखं. इथल्या तिच्या वयाच्या मुलांना मराठी समजते पण बोलता येत नाही. ही बोलते, साठीच्या नागपुरी म्हाताऱ्यासारखी.

मामाजी गेले. पुढे डॉक्टरही थकले, मुलानं त्यांना नागपूरला नेलं आणि तिथेच ते गेले. दवाखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. दोष द्यायचा तर मी त्यांना आजही देते. ती दोन वर्षं मिनूला अजून भोवतात. शाळेत तिला प्रत्येक इयत्तेत इतरांहून जास्त राबावं लागलं, आणि ते कोणा म्हाताऱ्याच्या रविवारांनी भरून निघालं नाही.

मिनू आता भोपाळला नोकरी करते. या मे महिन्यात सुट्टीला आली. दुपारची वेळ, कूलर बिघडलेला, मी पंखा पाचवर ठेवून भाजी निवडत होते. तिनं बॅग टाकली, मामाजींची जुनी खुर्ची उचलली, खिडकीपाशी नेऊन माझ्यासमोर ठेवली आणि बसली, गुडघ्याला गुडघा लावून.

"सूनबाई, काहून एकटी बसून राहिली? पंखा बंद कर अन् सांग, काय काय झालं."

मी उठले, बटण बंद केलं, पदरानं मान पुसली आणि सांगायला लागले. तिनं मध्ये एकदाही थांबवलं नाही.